जिनिंगच्या आवारातले रविवार

निवृत्तीनंतर काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. सगळी नोकरी वाशीमजवळच्या मालेगावात मुलामुलींना खोखो, कबड्डी आणि व्हॉलीबॉल शिकवण्यात गेली. गळ्यात शिट्टी नसली की घरात काहीतरी विसरून बाहेर पडल्यासारखं वाटायचं. आमच्या शेजारी एसटीचे एक निवृत्त प्रशिक्षक राहतात. आगारात नव्या ड्रायव्हरांना बस शिकवण्याचं त्यांचं काम, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते चहाला आले आणि कप हातात घेऊनच म्हणाले, "मॅडम, या पोट्ट्यायले गाडी चालवता येते. थांबवता येत नाही."

मी त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला दवाखान्यात भेटून आले होते. गाडीवरून पडून गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. कुत्रं आडवं आलं, असं तो सांगत होता. त्याच्या आधी पडलेल्या मुलानेही कुत्र्याचंच नाव घेतलं होतं.

"कुत्रं तं येनारच," मास्तर म्हणाले. "त्याले कोन शिकवनार? आपन यायले शिकवू. पुस्तकातलं नाही. गाडीवर बसवून."

त्यांनी जागाही पाहून ठेवली होती. गावाबाहेर एक बंद पडलेली जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, आहे. पूर्वी जिथे कापसाचे ढीग लागायचे ते सिमेंटचं मोठं आवार मोकळं पडलं होतं, आणि मालकाने रविवारी सकाळी वापरायला हो म्हटलं होतं. अडचण एकच होती. मुलं मास्तरांसमोर मान हलवायची आणि निघून जायची. माझं ऐकायची त्यांना सवय होती.

अशी मी त्या कामाला लागले. गाडी शिकवणं मास्तरांचं, बाकी सगळं माझं. मैदान आखण्यात माझा हात बसलेला, म्हणून फक्कीच्या रेघा मी मारल्या. थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांत वाळू भरून खुणेसाठी ठेवल्या. कबड्डीच्या मुलींचे जुने नी-कॅप धुऊन आणले. मुलं गोळा करायला मात्र घरोघर जावं लागलं. अठरा पूर्ण झालेली आणि निदान शिकाऊ लायसन असलेली तेवढीच घ्यायची, हेल्मेट नसेल त्याला फाटकातूनच परत पाठवायचं, असं आम्ही ठरवलं होतं. हेल्मेट म्हटल्यावर अर्धी मुलं गळाली. ती उरलेल्यांची मजा पाहायला आली, भिंतीवर बसली आणि पुढच्या रविवारी हेल्मेट घेऊन आली.

माझी भाची माझ्या आग्रहावरून आली. माझ्या भावाची मुलगी. गावाकडून रोज स्कुटीने वाशीमला नर्सिंग शिकायला जाते. भाऊ शेती करतो. त्याला हे सगळं पटलेलं नव्हतं.

"चालवून राह्यली ना ती चांगली," तो फोनवर म्हणाला. "अजून काय शिकवता तिले?"

"पाठव तं खरं," मी म्हटलं. मोठ्या बहिणीला नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती.

पहिल्या दिवशी मास्तरांनी काहीच शिकवलं नाही. त्यांनी फक्त एक रेघ दाखवली. रस्त्यावर चालवता तशी गाडी आणायची आणि या रेघेपासून पुढे जितक्या कमी जागेत थांबता येईल तितक्या जागेत थांबायचं. मुलं हसत निघाली. एकेकाची गाडी मागचं चाक घासत, कमरेतून हलत कुठल्या कुठे जाऊन थांबली. एक जण तर भिंतीवर बसलेल्यांनी पाय वर घेईपर्यंत थांबलाच नाही. मी प्रत्येकजण थांबला तिथे खडूने त्याचं नाव लिहिलं. मग मास्तरांनी सगळ्यांना त्या खडूच्या नावांपाशी उभं केलं, स्वतः रेघेपुढे काही पावलांवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी कुत्रं हाव. आता सांगा, मी वाचलो का?"

हसू ओसरलं.

बहुतेक मुलं पुढच्या ब्रेकला हातच लावत नव्हती. पुढचा दाबला की गाडी उलटते, असं प्रत्येकाला कोणी ना कोणी सांगितलेलं होतं. मास्तर स्वतः एकाच्या मोटरसायकलवर बसले. गुडघेदुखीमुळे टांग टाकायला त्यांना वेळ लागला, पण गाडी सुटल्यावर ते वेगळेच माणूस दिसले. त्यांनी वेग घेतला, हँडल सरळ ठेवलं आणि दोन्ही ब्रेक वापरले. पुढचा एकदम नाही, लिंबू पिळावं तसा वाढवत वाढवत. गाडी सगळ्यांच्या नावांच्या किती तरी अलीकडे थांबली. भिंतीवरचा एक मुलगा हळूच खाली उतरून पाहायला आला.

त्यानंतरचे रविवार मला मनापासून आवडू लागले. थंडी असायची, मुलं कानटोप्यांवर हेल्मेट घालायची आणि मास्तर ओरडले की कानटोप्या काढायची. मला एक नवं काम मिळालं होतं. मी एका खांबाआड उभी राहायची आणि मनाला येईल तेव्हा येणाऱ्या गाडीपुढे व्हॉलीबॉल सोडायची. चेंडूकडे पाहत राहिलं की गाडीही चेंडूकडेच जाते, हे मुलांना तिथे कळलं. "जिकडं जायचं तिकडं पाहा," मास्तर सतत सांगायचे. मुलं मला घाबरू लागली, आणि मला गंमत वाटू लागली.

ओल्या जागेवरचा धडा आला त्या दिवशी भाची पडली. आम्ही आवाराचा एक कोपरा पाण्याने भिजवला होता. मी चेंडू सोडला. तिने हँडल वळवलं आणि त्याच क्षणी पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक सटकलं. वेग कमी होता, हेल्मेट होतं, नी-कॅप होते, तरी कोपर सोललं. मी जखम धूत होते तेवढ्यात भाऊ आला. मालेगावात बाजाराला आला होता, सहज पाहून जावं म्हणून वळला होता. पोरीचं रक्त पाहून त्याचा चेहरा उतरला.

"याच्यासाठी पाठोलं का मी तिले?" तो मला म्हणाला. "पडाले?"

मास्तर पुढे येऊ लागले. मी त्यांना डोळ्यांनीच थांबवलं. चेंडू मीच सोडला होता.

बोलली ती पोरगीच. "बाबा, रोडवर पडली असती तं मांगून ट्रक आला असता. इथं आत्या आली."



"काहून पडली मी, ते समजलं मले," ती मास्तरांकडे वळून म्हणाली. "हँडल वाकडं होतं तवाच दाबला."

"मंग पहिले सरळ कर, मंग दाब. अन् ओल्यावर हलक्या हातानं," मास्तर म्हणाले. "जायची का अजून?"

तिने बापाकडे पाहिलं. त्याने खिशातला रुमाल काढून तिच्या कोपराला बांधला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. ती पुन्हा गेली. पाण्यावरून नीट थांबली. मग आणखी एकदा गेली, आणि आणखी. तिसऱ्या खेपेनंतर भाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, माही मोटरसायकल बाहेर उभी हाय. मास्तर मले मारू देतील का एखांदी खेप?"

मास्तरांनी मारू दिली, मात्र आधी कोणाचं तरी हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवलं. इतकी वर्षं गाडी चालवणारा माझा भाऊ सगळ्या पोरांच्या खडूच्या खुणांपुढे जाऊन थांबला. भाचीने तोंडावर ओढणी धरली, तरी तिचे खांदे हलत होते. तो उतरला, मागे वळून किती लांब आलो ते पाहिलं आणि कोणाशी न बोलता पुन्हा रेघेकडे गेला. त्या सकाळी त्याचा बाजार राहिला तो राहिलाच.

जानेवारीत मी भावाकडे मुक्कामाला गेले होते आणि तिथून मला चष्म्याचा नंबर बदलायला वाशीमला जायचं होतं. भाची म्हणाली, "आत्या, बस कायले पाहतं? माह्यासंगं चाल." मी तिच्या मागे बसले. सकाळची वेळ, दोन्ही बाजूंना उभी तूर, रस्ता मोकळा. मी तिला तिच्या परीक्षेचं काही विचारत होते आणि ती उत्तर देता देता मध्येच थांबली.

तुरीतून रोही निघाला, नीलगाईचा नर. घोड्याएवढा, राखाडी, मान वर. एका उडीत तो डांबरावर होता.

मी डोळे मिटले नाहीत, एवढं मला आठवतं. तिच्या पाठीवर माझं सगळं वजन गेलं. गाडी डावीउजवीकडे हलली नाही, घासली नाही. सरळ रेषेत दबत दबत आली आणि थांबली. रोह्याचे खूर रस्त्यावर वाजले ते मला स्पष्ट ऐकू आले. तो पलीकडच्या हरभऱ्यात उतरला. मला वाटलं आता ती निघेल, पण तिने आरशात मागे पाहिलं, गाडी हळूच कडेला घेतली आणि पाय टेकवून उभी राहिली.

"चाल न आता," मी म्हटलं.

"थांब, आत्या. हे एकटे नाही राहत."

आणि खरंच तूर पुन्हा हलली. दोन माद्या आणि मागून एक लहान पिल्लू रस्ता ओलांडून गेली. समोरून येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याला तिने हात वर करून थांबवलं. तोही थांबला आणि आम्ही सगळे त्या पिल्लाचं धडपडत बांध चढणं पाहत राहिलो.

मग तिने गाडी सुरू केली. वाशीमला पोचल्यावर आम्ही आधी बसस्थानकासमोर चहा घेतला. तिने मला आलूबोंडा खायला लावला आणि स्वतः दोन खाल्ले. डॉक्टरांनी माझे डोळे तपासले तेव्हा ती बाहेर बसून मैत्रिणीला फोनवर सगळं सांगत होती. "पहिले सरळ, मंग दाब," एवढंच मला आतून ऐकू आलं.

संध्याकाळी भावाकडे जेवताना तिने घरात सांगितलं. भाजी कशी झाली हे सांगावं तितक्या साधेपणाने सांगितलं. भावजयीचा हात भाकरीवर तसाच राहिला. भावाने घास गिळला आणि विचारलं, "ओलं होतं का तिथं?"

"नाही बाबा, कोरडं."

"बरं," तो म्हणाला, आणि तिच्या ताटात स्वतःच्या हाताने भाकरी वाढली.