हात मागे ठेवणारी मुकादम

मुकादम नव्या पोरांना काही शिकवायला लागली की आधी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे न्यायची आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवायची. पहिल्यांदा मला वाटलं, पोरीची पाठ धरलीय. खिडकीतून बाम देऊ का विचारलं. तर म्हणाली, "नको आजी. हात मोकळे राहिले की मीच करून टाकते. मग ती काय शिकणार, टाळ्या वाजवायला?"

वय एकोणीस, उंची माझ्या झाडूपेक्षा थोडी जास्त. मुलुंडला आमच्या बिल्डिंगसमोर शाळेचं मैदान आहे, तिथे दर रविवारी सकाळी स्काऊट-गाईडचं पथक भरतं. पथकाचे सर होते, पण कागदावर. प्रत्यक्षात गुडघे धरून घरी बसलेले. त्यामुळे नव्या पोरांना वळण लावायचं काम हिच्यावर. खरं नाव तन्वी. पोरं ताई म्हणायची. मुकादम हे नाव माझं, आणि ते तिला शोभायचं.

एकदा पाच जणांनी घामाघूम होऊन तंबू ठोकला, तो दार बरोब्बर शाळेच्या भिंतीला चिकटवून. मला वरून सगळं दिसत होतं. म्हणजे मी तळमजल्यावरच राहते, पण जोतं उंच आहे. ओरडून सांगणार, तेवढ्यात तिने अशी नजर टाकली की तोंडातला चहा मी मुकाट गिळला. तंबू उभा राहिला. आत जायला वाट नाही. "झकास," ही म्हणाली, "मच्छर पण येणार नाही." मग पोरांनीच डोकं खाजवून तो उपटला आणि वळवून ठोकला. एकाची आई वैतागली, "अगं, आधीच सांगायचं ना." मुकादमचं उत्तर ठरलेलं असायचं, "चुकू दे. मी आहे ना."

तिचा एक नियम मात्र भारी होता. आलेली गोष्ट पथकाबाहेरच्या माणसाला शिकवल्याशिवाय ती आली असं धरायचं नाही. आता रविवारी सकाळी रिकामं माणूस कोण? तळमजल्यावरची आजी. एकामागून एक पोरं दोरी घेऊन दाराशी हजर. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर, की झाली चपटी गाठ. तीसेक पोरांनी मला ती शिकवली असेल. दर वेळी मी कोरी पाटी. आधी चुकायचं, मग "अगंबाई, असं होय" म्हणायचं. चुकलेल्या गाठीला त्यांच्यात म्हणे आजीची गाठ म्हणतात. हे नाव ठेवणारा मला भेटायला हवा होता.

त्या वर्षी शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगून टाकलं, "आठ तरी नवी मुलं शपथ घेणार असतील तर मैदान देते. नाहीतर रविवारी कराटेवाल्यांना देते." सात जण मला गाठ शिकवून तयार होते. आठवा अर्णव, अकरा वर्षांचा. हा फक्त स्वतःच्या बुटांशी बोलायचा. गाठ मारायचा फर्स्टक्लास, पण शिकवायचं म्हणजे तोंड उघडायला हवं. तीनदा माझ्या दाराशी आला, बेल वाजवली, पळाला.

मला काही राहवेना. शपथेच्या आदल्या दिवशी मुकादम आली, तर मी सरळ ठोकून दिलं, "शिकवलं गं अर्णवने मला. छान शिकवलं."

तिने खिशातून दोरी काढून माझ्यापुढे ठेवली. "बांधा, आजी."

मी काय, तीस गुरूंची चेली. डोळे मिटून बांधली. तिने गाठ ओढून पाहिली. "गाठ बरोबर आहे. पण तुम्ही उजव्या हाताने सुरुवात केलीत. अर्णव डावखुरा आहे. त्याने शिकवलं असतं तर डाव्याने केली असती."

पकडली गेले. मग माझा आवाज चढला. "एवढ्याशा गाठीपायी पथकाची वाट लावशील? मी कोणाला सांगणार आहे?"

"तुम्ही नाही सांगणार. पण त्याला माहीत असेल ना, आजी." दोरी खिशात घालून गेली. जाताना तिचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं. तिलाही ते मैदान हवं होतं.

शपथ दहाला. साडेआठला बेल वाजली. दार उघडलं तर अर्णव, आणि या वेळी पळाला नाही. माझ्या पायाकडे बघत म्हणाला, "डावं टोक उजव्यावर." मी घेतलं, आणि काय सांगू, मला जमेचना. हातांना उजव्याची सवय लागलेली. दोनदा चुकले, चारदा चुकले.

"आजी, तुम्ही मुद्दाम करताय," पोरगं चक्क चिडलं.

"नाही रे बाबा, आज खरंच येत नाहीये."

त्याने दोरीला हात घातला, मग थांबला. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मनगट धरलं. "परत करा. डावं आधी."

पावणेदहाला मी गाऊनवर ओढणी टाकून मैदानात. मोठ्या बाईंच्या टेबलासमोर गाठ मारली, डाव्याने. मुकादमने ओढून पाहिली. "दोघं पास." बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी डोकी मोजली. आठ भरली.

पुढच्या वर्षी मुकादमला नाशिकला नोकरी लागली. जाताना दोरी माझ्याकडे ठेवून गेली. "शिकत राहा," म्हणाली. मी म्हटलं, "चल, निघ, शहाणी."

पथक अजून भरतं. अर्णव आता लीडर आहे, बोलतोसुद्धा, जरा जास्तच. पोरं अजून बेल वाजवतात. परवा एक नवी मुलगी आली, नऊ वर्षांची असेल, मुकादमला तिने कधी पाहिलेलंही नाही. मी सवयीने दोरी हातात घेतली, आणि पुढचं काही आठवेना. डावं की उजवं, काहीच. हल्ली होतं असं. नाटक करायची गरज राहिली नाही. मी नुसती टोकं धरून बसले.

तिने हात पाठीमागे बांधले. "चुकू दे, आजी," म्हणाली. "मी आहे ना."