अक्काची वही कन्नडच्या कपाटात

ग्रंथालयातून फोन आला तेव्हा मी सरळ नाही म्हणणार होते. वाचनाचा आठवडा, कवितावाचन, गावोगावच्या इतिहासाचं प्रदर्शन, शेवटी शाल आणि नारळ. असल्या कार्यक्रमांचा मला कंटाळा आहे. लातूरला मराठी शिकवण्यात उभी हयात गेली, शाली ठेवायला घरात जागा नाही. पण फोन कर्नाटकातल्या हुमनाबादकडच्या त्याच कॉलेजातून होता, जिथं माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, शेवटची बारा वर्षं पुस्तकं पुसली. ती जाऊन तीन वर्षं झाली आणि मी त्या ग्रंथालयात कधी पाऊल टाकलं नव्हतं. गेले.

आमच्या घराची एक तऱ्हा होती. अप्पांची शाळा निजामाच्या अमलात उर्दूत झाली. अक्का गावातल्या कन्नड शाळेत चौथीपर्यंत गेली. मला पहिलीलाच मामानं उदगीरला नेलं, त्याला मूलबाळ नव्हतं, आणि तिथं मी मराठी शाळेत शिकले. घरात बोलायचो सगळे मराठीच, लिहायला बसलं की मात्र तिघांच्या तीन दिशा.

अक्का मला पत्रं लिहायची. मराठीच, पण कन्नड अक्षरांत, कारण तिला दुसरी येत नव्हती. मला त्या नुसत्या जिलेब्या दिसायच्या. मोंढ्यातल्या, म्हणजे बाजारातल्या, एका कापडवाल्या अण्णांना कन्नड वाचता यायचं, पण त्यांच्याकडे जायला मला लाज वाटे. मामा म्हणायचा, "काय असतंय त्यात? खुशालीच की." मलाही तेच खरं मानणं सोयीचं होतं. सुट्टीत गावी गेले की मी तिला सांगायची, "तुझं पत्र वाचलं गं, लई आनंद झाला." ती माझ्या पत्रांबद्दल म्हणायची, "व्हय की, लई ग्वाड लिहितीस तू." तिला माझी अक्षरं येत नव्हती, मला तिची. मी सातवीत असताना तिची पत्रं यायची थांबली, आणि मी कारणही विचारलं नाही. पुढे एका दिवाळीत मामीनं माळा आवरला नि तो गठ्ठा पाणी तापवायच्या बंबात घातला. मला तेव्हा काही वाटलं नाही.

भेटल्यावर ती बोलायची नाही असं नाही. "जेवलीस का? वाळलीस कामून?" सगळं माझ्याबद्दलच. तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, पुढे उतारवयात ती त्या ग्रंथालयात कामाला लागली, एवढं मला माहीत आहे. तिच्या मनात काय चालायचं ते माहीत नाही. आता या वयात मला तेवढंच हवंसं वाटतं, आणि विचारायला ती नाही.

तिथले ग्रंथपाल म्हैसूरकडचे. कन्नड आणि थोडी हिंदी, मराठीशी त्यांचा संबंध नाही. त्या दिवसाचा नियम त्यांनीच केला होता. सगळी कपाटं उघडी, एरवी कुलपात असणारीसुद्धा. किल्ल्यांचा जुडगा दाराच्या खिळ्याला टांगलेला. कुणी काय वाचावं ते कुणी सांगायचं नाही, ज्याला जे वाटेल ते घ्यायचं आणि उभं राहून एक पान वाचायचं. हळ्ळीखेडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आपल्या गावच्या विहिरींची नावं वाचली. एका प्राध्यापकानं लोणच्याची कृती वाचली, सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच. मी माझ्या दोन कविता वाचल्या, लोकांनी सहन केल्या.

मग यादगीरकडची एक विद्यार्थिनी उठली. स्थानिक इतिहासाच्या कन्नड कपाटातून तिनं एक वही काढली, पातळ होती म्हणून. अडखळत वाचू लागली.

"आज एका पुस्तकात मन्नाएखेळ्ळीचं बसचं तिकीट गावलं. खूण आसंल म्हणून तितंच ठिवलं. वाचणारी परत आली तर तिला तिचं पान गावावं."

कन्नड वहीतून मराठी ऐकून सभागृहात हसू पसरलं. ती मुलगी घाबरून थांबली. तिला अक्षरं येत होती, शब्द एकही कळत नव्हता. हे काय आहे, असं मी ग्रंथपालांना विचारलं. ते हिंदीत म्हणाले, इथं झाडलोट करणाऱ्या बाईंच्या खणात ही वही सापडली. वाचून पाहिली, काही उमगलं नाही. तुमच्या भागातलं गावठी कन्नड असेल असं समजून कपाटात लावली.

अक्काच्या मराठीला गावठी कन्नड म्हटल्याचा मला रागच आला, पण तो टिकला नाही. त्यांनी न समजता जपलं होतं. आम्ही बंबात घातलं होतं.

मी त्या मुलीला पुढे वाच म्हणून खूण केली. ती वाचत राहिली, एका सुरात, पाढे म्हणावेत तशी.

"धाकटीला माजं आक्षर येत न्हाई, हे मला पैल्याच सुट्टीत कळलं. पत्र वाचून आनंद झाला म्हणाली. त्या पत्रात मी लिहिल्तं, माजी शाळा सोडवली, मामाला सांग, मलाबी उदगीरला न्हे म्हणून. लेकरू हाय, तिला काय बोलावं? तरीबी लिहीतच ऱ्हायले."

आता कुणी हसलं नाही. पान संपलं. मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बराबर पढ़ी ना मैं, मॅडम?" मी मान हलवली. तिचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं.

ग्रंथपालांनी वही मला देऊन टाकली. उरलेली पानं वाचून दाखवायला तिथं पाचपंचवीस लोक तयार होते, मी कुणालाच वाचू दिली नाहीत. एकदा मामाच्या शब्दावर सोडलं तेवढं पुरे झालं. येताना हुमनाबादच्या स्टँडजवळ कन्नड पहिलीचं पुस्तक घेतलं. रोज सकाळी चहानंतर गिरवत बसते, नातवंडं हसतात.

काल मला 'धाकटी' हा शब्द त्या अक्षरांत लिहिता आला. मग वही उघडली. बाकीचं अजून वाचता येत नाही, पण तेवढा एक शब्द पानोपानी दिसायला लागला.