वल्हांडणाचं रक्त

बायबलबाई गोष्ट सांगताना कधी बसत नसत. मिसर देशातल्या फारो राजाच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक समुद्राकाठी पोचले की त्या लुगडं घोट्याच्या वर खोचत आणि ओरडत, "चला, पाय उचला! फारोचे रथ येऊन राह्यले!" ऐकणाऱ्या बाया घाईघाईने पाय पोटाशी घेत.

वडील आलापल्लीला जंगलखात्यात होते, तेव्हाची ही गोष्ट. चांद्याच्या मिशनने पाठवलेल्या या विधवा बाई आमच्या शेजारी राहत आणि बायबलातल्या गोष्टी सांगत पाड्यापाड्यांतून पायी हिंडत. बेगार केलेल्या पाड्यांवरच्या लोकांना फारो समजावून सांगावा लागत नसे. "आमचाबी होता असाच एक," एक म्हातारा म्हणाला होता. बाई खूश झाल्या होत्या. सुटका हा शब्द त्या गूळ खाल्ल्यासारखा उच्चारत.

वल्हांडणाची गोष्टही त्या रंगवून सांगत. देवाने मिसरात मृत्यू पाठवला; ज्या इस्राएली दाराला कोकराचं रक्त, ते घर ओलांडून तो पुढे गेला. बाकी मिसरी घरांतली थोरली पोरं मेली.

त्या उन्हाळ्यात देवीची साथ आली. आमच्याकडे चारोळी घेऊन येणाऱ्या मैनीचा थोरला, बिरजू, तापाने फणफणला. मैनीने कोंबडा कापला आणि दाराच्या चौकटीला त्याचं रक्त फासलं. कोणाला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी बिरजू गेला.

आई आणि मी बाईंबरोबर तिच्या घरी गेलो. चौकटीवरचं रक्त काळं पडलं होतं. बाईंनी ते पाहिलं आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

मैनी रडत नव्हती. "बाई, म्या रगत लावलं होतं. मंग काऊन नाई वलांडलं?"

बाईंचे ओठ हलले. मला वाटलं, आता बायबलातलं वचन म्हणतील. "मले नाई ठाऊक, मैने," त्या म्हणाल्या आणि खाली मातीतच बसल्या. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे देवी टोचणारा आला, तेव्हा मैनी धाकटीला घेऊन जंगलात पळाली. बाई तिच्यामागे गेल्या. काय बोलणं झालं कोण जाणे. संध्याकाळी दोघी पोरीला घेऊन परतल्या. पोर वाचली. चांद्याहून आलेले मिशनचे पाळक म्हणाले, "हीच सुटका, बाई. हे लोकांना सांगा."

"अन् बिरजूचं काय सांगू?" बाईंनी विचारलं.

त्यानंतर गोष्टी बंद झाल्या. त्या आजाऱ्यांजवळ जात, पाणी पाजत. मिशनने त्यांना परत बोलावलं.

निघायच्या दिवशी मोटारीजवळ मैनी आली, धाकटी कडेवर. म्हणाली, "बाई, त्या मिसरातल्या मेलेल्या पोरायच्या माया व्हत्या ना? त्याईचं पुढं काय झालं?"

"पुस्तकात नाई लिहिलं."

"मंग तुह्या देवाले इचारजो."

"रोज इचारून राह्यली," बाई म्हणाल्या. त्यांनी पोरीच्या दंडावरचा टोचल्याचा व्रण अंगठ्याने कुरवाळला आणि मोटारीत चढल्या.