दाजींच्या हातचा गणपती

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान, मला पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत. त्यांनीही मला आवडावं म्हणून कधी कष्ट घेतले नाहीत. लग्नाच्या भरल्या पंगतीत, आमटी पातळ झाली म्हणून, त्यांनी माझ्या वडिलांना असं काही सुनावलं की वाढपी बादली घेऊन जागच्या जागी थांबले. आणि गंमत बघा, नात्याची वीण अशी की या माणसाला मनातल्या मनात शिवी द्यायची तरी आधी ‘दाजी’ म्हणावं लागायचं.

पण हात. हाताबद्दल बोलायचं तर मला आवाज खाली आणावा लागतो. दाजी गणपती करायचे, अजूनही करतात. शाडूची माती सगळ्या कुंभार गल्लीत एकाच ट्रकमधून उतरते, रंगही सगळे एकाच दुकानातून आणतात. तरी दाजींच्या गणपतीचे डोळे वेगळे. आपण सरकू तिकडे तो बघतो, आणि त्यानं बघितलं की आपलं काहीतरी निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. त्यासाठी लोक त्यांचं तोंड सहन करायचे. कुणी बिचकत म्हणालं, सोंड जरा लांब करता येईल का, तर हे म्हणणार, मग सरळ हत्तीच घेऊन जावा की. गिऱ्हाईक ओशाळून हसायचं आणि मूर्ती घेऊन जायचं.

आक्काला मूर्ती घेऊन जाता येत नव्हतं. ती तिथंच राहायची. डोळ्यांची आखणी दाजी पहाटे आंघोळ करून, कुणाशी न बोलता करायचे. वर्षातल्या तेवढ्याच सकाळी घरात शांतता असायची, असं ती सांगते. एकदा त्यांनी तिच्यावर हात उगारला. त्यांनी दुसऱ्यांदा उगारेपर्यंत ती थांबली नाही. एक बॅग घेऊन रिक्षानं आमच्या दारात उतरली. आईनं चहा टाकला.

आमच्याकडची पद्धत अशी, की श्रावणात घरचा लाकडी पाट कुंभाराकडे नेऊन द्यायचा. त्या पाटावर मूर्ती घडते आणि चतुर्थीला त्याच पाटावरून घरी येते. पाट एकदा ज्याच्याकडे गेला त्याच्याकडेच जात राहतो. कुंभार बदलणं हे डॉक्टर बदलण्याहून अवघड. आमचा पाट आक्काचं लग्न झाल्यापासून दाजींकडे जायचा. आक्का परत आली त्या वर्षी मी तो बाणेदारपणे काखेत मारला आणि दुसऱ्या गल्लीतल्या एका कुंभाराकडे दिला. काय सज्जन माणूस. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, निघताना दारापर्यंत सोडायला आला.

मूर्तीही नीटनेटकी आली. फक्त डोळे असे, की बस चुकल्यावर बाप्पा फलाटाकडे बघतोय. आक्कानं मोदक केले, आरत्या म्हटल्या. विसर्जन करून पंचगंगेवरून परतताना एवढंच म्हणाली, “माणूस लई चांगला हाय रं त्यो. पण मूर्ती काय आपल्याकडं बघंना.”

पुढच्या श्रावणात तिनं पाट पुसून माझ्यापुढे ठेवला आणि दाजींकडे देऊन यायला सांगितलं. मी चिडलो. ज्या माणसानं तुझं हे केलं त्याच्यापुढं मी पाट घेऊन उभा राहू का, वगैरे बरंच बोललो, हातवारे करून बोललो. आईनं स्वयंपाकघरातून येऊन हळूच विचारलं, परत जायचं मनात आहे का.

“नांदायला न्हाय जायचं मला, गणपती आणायचाय,” आक्का म्हणाली. “दोन्ही एकच हाय व्हय?”

मी म्हणालो, गल्लीला ते एकच वाटेल.

“गल्लीचं मी बघीन. तू जातोस, का मी जाऊ?”

मी गेलो. दाजींनी पाट ओळखला. बराच वेळ हातात धरून ठेवला. मग विचारलं, “तिनं सांगितलं?” मी व्हय म्हणालो. “सोताच्या तोंडानं?” मी परत व्हय म्हणालो. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. आजवरच्या नात्यात हा त्यांचा पहिला चहा, त्यामुळे घोटाळा झालाय हे माझ्या लगेच ध्यानात आलं. गणपतीच हवाय हो, बाकी काही नाही, असं मी स्पष्ट सांगितलंही. ते हसले. ज्या माणसाला आपल्या कलेत आणि आपल्यात फरकच वाटत नाही, त्याला हे कोण समजावणार?

चार दिवसांत गल्लीला सगळं कळलं होतं. शेजारच्या काकूंनी ओटीचं सामान काढून ठेवलं. दुसऱ्या एकीनं तर चांदीच्या हुपरीला ओळख आहे, जोडवी तिथूनच घ्या, स्वस्त पडतील, असा निरोप धाडला. आक्का सगळ्यांना म्हणायची, बरं.

चतुर्थीला सकाळी मी मूर्ती आणायला चप्पल घालतोय, तोवर पीढबाकचा, म्हणजे पिपाणी-ढोलाचा, आवाज आमच्याच दाराशी आला. ढोलवाले मागे, आणि पुढे पांढरीशुभ्र टोपी घालून, पाट डोक्यावर घेऊन खुद्द दाजी. कुंभार कधी मूर्ती पोचवायला जात नाही, घरचा माणूस ती आणतो. गल्ली दारं-खिडक्यांत येऊन उभी राहिली.

आता पेच असा होता. गणपती जो घेऊन येतो त्याच्या पायावर उंबऱ्यात घरच्या बाईनं पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग त्याला आत घ्यायचं. आक्का तांब्या घेऊन दारात उभी होती. ते पाणी दाजींच्या पायावर पडलं असतं, तर संध्याकाळपर्यंत तिची बॅग भरायला बायका आल्या असत्या. आणि दारात आलेल्या गणपतीला परत फिरवणं तर कुणाला शक्यच नव्हतं. दाजींनी उंबऱ्याजवळ पाय पुढे केला. ढोल थांबला.

आक्का माझ्याकडे वळून म्हणाली, “पाट घे.”

मी पुढे झालो. दाजींना कळायला जरा वेळ लागला. मूर्ती दोघांच्या हातात असताना ओढाताण कोण करणार? त्यांनी सोडली. आक्कानं माझ्या पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला, बाप्पाला कुंकू लावलं. मग ती वाकून, अगदी जवळून मूर्तीकडे बघत राहिली. माझे हात भरून आले तरी बघतच होती. तिचा चेहरा असा उजळलेला मी बऱ्याच दिवसांनी पाहिला.

“डोळं झ्याक उतरल्यात,” ती दाजींना म्हणाली, अगदी मनापासून. “तुमचं काम झालं. आता तुमी जावा.”

मला वाटलं, आता पंगतीतला तो आवाज लागणार. दाजींचा चेहरा लालही झाला होता. पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत, मखराकडे गेली आणि तिथंच अडकली.

“समई उजवीकडं नगं,” ते म्हणाले. “सोंडंची सावली डोळ्यावर पडंल. डाव्या अंगाला ठेवा.”

आणि टोपी काढून, ती हातात चुरगाळत, आल्या वाटेनं गेले. ढोलवाल्यांना काय करावं कळेना, मग तेही गेले.

मी मूर्ती मखरात ठेवली. समई उजवीकडेच होती, आमच्याकडे ती कायम उजवीकडे असते. आईनं एकदा समईकडे, एकदा आक्काकडे पाहिलं. मी तर स्पष्टच म्हणालो, राहू दे, त्यांचं काय ऐकायचं.

आक्कानं समई उचलून डावीकडे ठेवली, वात जरा पुढे सारली, आणि दोन पावलं मागे येऊन बघत उभी राहिली.