स्क्रूतलं कुंकू

इंदापूरच्या स्टँडसमोर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. त्याची फुंकर मात्र विसरणार नाही. कुठलंही यंत्र उघडलं की गाल फुगवून तो अशी फुंकर मारी, की समोरच्या गिऱ्हाइकाने टोपी धरावी!

आई गेल्यावर महिन्याभरात तिचा रेडिओही मुका झाला. तो उघडायला मी सुरीने जोर केला आणि स्क्रूचं डोकं पार झिजवून टाकलं. शेवटी रेडिओ त्या माणसाकडे नेला.

"सुरी चालवली व्हय, राव? कांदा हाय का ह्यो?"

मी खजील झालो. त्याने पकड यावी म्हणून स्क्रूवर रबरबँडचा तुकडा ठेवून स्क्रूड्रायव्हर दाबला. फिरेना. मग भिंग लावलं.

"खाच लाल कशानं झाली?"

"आई दर दसऱ्याला रेडिओची पूजा करायची. कुंकू लावायची."

टाचणीने कोरून त्याने कुंकू कागदावर काढलं, पुन्हा रबर ठेवून दाब दिला. स्क्रू सुटला. आतली तुटलेली तार जोडताच रेडिओ बोलू लागला.

सवयीने त्याचे गाल फुगले. समोर तो कागद होता. त्याने झटकन तोंड फिरवलं, श्वास पाठीमागे सोडला आणि पुडी बांधली.

"रेडिओ बिघडला तर परत आणा. ही पुडी मातर सांडू नगा."