अक्काच्या गावाची बस

बस नव्हती म्हणून माझी अक्का गेली.

डॉक्टर म्हणतात हृदय. म्हणोत बापडे.

आज तेरावा दिवस. लिहायला बळ नव्हतं. पण आधी तुमची चौकशी करते. सुमन, गुडघे कसे आहेत? नाना, खोकला थांबला का? वंदना, लेक सुखरूप बाळंत झाली ना?
मी बरी आहे. थकले आहे, एवढंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अक्का माझी थोरली बहीण. चाळीस वर्षं इंग्लंडमधल्या एका लहानशा खेड्यात राहिली. भावोजी गेले, लेक शोभा नोकरीसाठी लांब शहरात. ही मात्र हलली नाही.
"माझं घर इथं आहे, इंदे."

त्या गावाला एके काळी रेल्वे होती. दुधाचे कॅन गाडीनं शहरात जायचे म्हणे. अक्का तिथं राहायला गेली तेव्हा रूळ उखडलेले होते, स्टेशनाचं कुणाचं तरी घर झालं होतं. रुळांच्या वाटेवर लोक कुत्री फिरवायचे.

पण बस होती. तासाला एक.
मग दिवसाला चार.
मग फक्त मंगळवार-शुक्रवार.
मग एक दिवस थांब्यावर कागद चिकटवला. बस बंद.

बदल्यात एक छोटी व्हॅन आली. आदल्या दिवशी फोन करायचा, की ती दारात हजर. केवढी सोय!

अक्कानं फोन केला नाही.
"एकटीसाठी गाडी बोलवू? बाबा काय म्हणाले असते?"

आमचे बाबा चार माणसं जमल्याशिवाय बैल जुंपत नसत. एकट्याला जायचं तर देवानं पाय दिलेत. त्यातच वाढलो आम्ही.
म्हणून शेजारची मार्गारेट येणार असली तरच अक्का व्हॅन बोलवायची. नाहीतर, "पुढच्या आठवड्यात बघू."

मी इथे परदेशात, पुंगोल नावाच्या उपनगरात लेकाकडे. खिडकीसमोरून एलआरटी जाते, छोटीशी आगगाडीच. ड्रायव्हर नाही, दुपारी तर आत माणूसही नाही. अक्काला फोनवर सांगितलं.
"रिकामी? मग फिरते कशाला?"
"अगं, फिरणं हेच तिचं काम."
"बाबा असते तर सोडून चारा घातला असता तिला!"
पोट धरून हसलो दोघी.
नात वहीतून मान वर न करता इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, नो नीड टू कॉल, लाह. इट जस्ट कम्स."

त्याच फोनवर अक्का सहज बोलून गेली. हॉस्पिटलची तारीख दुसऱ्यांदा चुकली. छातीची तपासणी होती. मार्गारेटला सर्दी झालेली, मग व्हॅन कशी बोलवणार?
"शोभाला सांगू नकोस हं. रजा टाकून धावत येईल पोर."

आणि मी काय म्हणाले?
"बरं. जप हो."

शहाणी मी! नातीला सांगितलं असतं तर तिनं इथूनच फोन करून व्हॅन ठरवली असती. दोन मिनिटांचं काम. पण मला अक्काचं पटलंच होतं. मीही त्याच बाबांची ना.

हॉस्पिटलची तिसरी तारीख येण्याआधीच ती गेली. खुर्चीत बसल्या बसल्या.

अंत्यविधीचं शोभानं फोनवर सांगितलं. व्हॅनचा ड्रायव्हर आला होता. टोपी हातात घेऊन फाटकाशी उभा. म्हणाला, "दर मंगळवारी पुढच्या गावात माणसं सोडून मी याच दारावरून परत जायचो. रिकामा. तुमची आई खिडकीतून हात हलवायची. मीही हलवायचो."

तेवढ्यात तिला न्यायला लांब काळी गाडी दारात आली.

अक्काच्या एकटीसाठी.

अक्का, नीट जा गं. आता कुणासाठी थांबू नकोस.

आणि तुम्ही सगळे, असाल तसे दोन ओळी लिहा. लवकर लिहा.

तुमची इंदू