चौदा नंबरची पुडी

बारामती स्टँडवर मी फुटाणे-शेंगदाणे इकतो. पर त्र्याण्णव सालच्या त्या दुपारी जशी पळापळ झाली, तशी जल्मात झाली न्हाय. एक बाई तरातरा आली आन् म्हणाली, "जोतीराम तुमीच ना? माझं पुस्तक फाडलंय तुमी!"

"ओ बाई, नीट बोला! रद्दी हाय, इकत घेतलीय!"

ती सणसरच्या शाळंत विज्ञान शिकवणारी मनिषाबाई. तिची आई साखरबाई मेंढरं राखायची. तोंडं सुजून, कान लोंबून नऊ मेंढरं मेली हुती. उरलेली चाळीस मेंढरं साखरबाई रविवारच्या बाजारात इकाय काढणार हुती. औषधं झाली, अंगारे झाले, उपेग शून्य. पुण्याच्या मोठ्या लायब्ररीत बाईला कार्डाबिगर आत सोडलं न्हाय. मग हितल्या रद्दीच्या दुकानात तिला मेंढरांच्या रोगांचं जुनं इंग्रजी पुस्तक घावलं. त्यात लिवलेलं, सराट्याचं काटेरी गवत खाऊन तोंडं सुजत्यात, पर नुसत्या सराट्यानं न्हाय. दुसरं कारण काय, ते मागच्या यादीत चौदा नंबरला बघा.

आन् यादीची मागची पानं दुकानदारानं आदीच मला पुड्या बांधाय इकलेली, माझ्या पाटीच्या तारंला टोचलेली!

झालं! आमी दोघं पानं उपसाय लागलो. सहा घावला, बावीस घावला. चौदा कुठं? एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आरं तिच्या! इंदापूर गाडी! आत्ताच तिथं एक पुडी इकलीय!"

गाडी हलली हुती. पाटी तशीच टाकून मी पळालो, बाई माझ्या म्होरं. माझी बोंब ऐकून कंडक्टरनं दोरी ओढली. खिडकीत दत्तोबा नावाचा म्हातारा निवांत शेंगदाणे खात हुता. बाईनं पुडी त्याच्या टोपीत रिकामी केली आन् कागद उलगडला.

चौदा नंबरला लेख न्हाय, नुसतं आफ्रिकेतल्या लिवणाऱ्याचं नाव, साठ वर्सांमागचं साल आन् लेखाचं नाव: सराटा खाल्लेल्या मेंढरांवर उन्हाचा परिणाम.

"ऊन!" बाई वरडली. "जोतीरामभाऊ, ऊन लागतंय त्यांना!" आख्खी गाडी बघाय लागली. मला काय बी कळलं न्हाय, तरी मी नाचलो.

त्याच दिवशी मेंढरं छपरात घेतली. सराटा बंद, उसाचं वाढं चालू. रविवारी साखरबाई बाजाराला गेलीच न्हाय.

महिन्यानं मायलेकी स्टँडवर आल्या. म्हातारीनं चंचीतनं तो कागद काढला. "पोरी, ह्ये ज्यानं लिवलं त्येला कार्ड टाक. दोन गेली, अडतीस हायती म्हणावं."

"आये, आफ्रिकेतला माणूस तो. साठ वर्सं झाली. आसंल का आता?"

"नसला तर लेकरं आसतील. बापानं काय केलं त्ये त्यास्नी कळाया नगं व्हय?" मग माझ्याकडं बोट केलं. "आन् ह्याचं बी नाव घाल."

बाईनं माझ्याच पाटीवर कार्ड टेकवून लिवलं: जोतीराम, फुटाणेवाला, बारामती स्टँड. मला गिऱ्हाइकांम्होरं रडू आलं.